हाडाला चिकटणारी काच

लहानपणी आमच्या घरी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. एकदा पुसताना त्याची काच फुटली आणि तुकडा माझ्या तळव्यात शिरला. तो निघेपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. अंगात काच राहता कामा नये, हे तेव्हापासून मनात पक्के.

मंडळी, १९६७ सालची अमेरिकेतली गोष्ट. व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलने बसप्रवासात प्रा. लॅरी हेंच यांना विचारले, "जखमी सैनिकांचे शरीर नाकारणार नाही, असे काही बनवता येईल का?" धातू आणि प्लॅस्टिक शरीर परके मानते. हेंच यांनी १९६९मध्ये काच बनवली : ४५ टक्के सिलिका, बाकी सोडा, चुना, थोडे फॉस्फरस. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली. सहा आठवड्यांनी निघता निघेना! शरीरातील द्रवात तिचा पृष्ठभाग थोडा विरघळतो आणि त्यावर हाडातल्यासारख्याच खनिजाचा थर जमतो.

आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा काच-सिरॅमिकवर काम झाले. त्यात लोहाचे ऑक्साइड घालायचे, चुंबकीय क्षेत्राने तापवायचे आणि हाडातील कर्करोगाच्या पेशी मारायच्या, ही त्यामागची कल्पना.

वर्गात मी वर्षानुवर्षे सांगितले, काच कशातच मिसळत नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, तेवढे वाक्य वहीतून खोडा. चूक गुरुजींची होती.