वाट पाहण्याचे आकडे

वॉर्सातल्या ब्रिस्टल कॅफेत चित्रकार रोमान ओपाउका बायकोची वाट पाहत बसला होता. तिला उशीर झाला, आणि त्या रिकाम्या वेळात त्याला सुचले: गेलेला वेळ चित्रात दाखवायचा तर घड्याळ कशाला रंगवायचे? सरळ मोजत सुटावे.

१९६५ साली त्याने काळ्या कॅनव्हासच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने १ काढला. मग २, मग ३. ब्रश शून्य नंबरचा. कॅनव्हास १९६ बाय १३५ सेंटिमीटर, म्हणजे स्टुडिओच्या दाराएवढा. तो भरला तेव्हा आकडा ३५३२७ वर होता. पुढच्या कॅनव्हासवर ३५३२८. मध्ये ना स्वल्पविराम, ना रेघ. ब्रशातला रंग सरत आला की आकडे फिकट होत, पुन्हा बुडवला की ठळक. लांबून आकडे कळतच नाहीत, नुसत्या फिकट-ठळक लहरी दिसतात.

बाकीची रीत मागाहून जोडली गेली. १९६८ मध्ये काळ्याच्या जागी करडा रंग आला. त्याच सुमारास तो आकडे काढता काढता मोठ्याने म्हणू लागला, ते टेपवर घेऊ लागला. रोजचे काम संपले की पांढरा शर्ट घालून, एकाच उजेडात, स्वतःचा फोटो. १९७२ मध्ये दहा लाख ओलांडल्यावर प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या करड्यात एक टक्का पांढरा जास्त. शेवटी पांढऱ्यावर पांढरे आले. तेव्हा डोळ्यांपेक्षा कानांचाच भरवसा.

मोजणी पोलिशमध्ये. त्या भाषेत एकवीसला ‘वीस एक’ म्हणतात, म्हणजे हात लिहितो त्याच क्रमाने तोंड बोलते. आपल्याकडे हे जमले नसते: बावीस, तेवीस म्हणताना एकक आधी तोंडात येतो आणि हात दशकावर असतो.

त्याला ७७७७७७७ गाठायचे होते. ऑगस्ट २०११ मध्ये, ऐंशीला काही दिवस उरले असताना, तो इटलीत वारला. त्याच्या वेगाने आणखी अठराएक वर्षे लागली असती. (त्यापुढच्या आठ आठांना सुमारे ६८०, हा हिशेब माझा.) शेवटचा आकडा ५६०७२४९. पोलिशमध्ये त्याची अखेर ‘चाळीस नऊ’ अशी होते. मराठीत तो वाचला तर छप्पन्न लाख सात हजार दोनशे एकोणपन्नास: न काढलेला पुढचा पन्नास त्या नावात आधीच येऊन बसलेला.