पालक-शिक्षक संघाचा निधी : उगम, हिशेब आणि मर्यादा

१. प्रश्नाची मांडणी

शाळा सुरू झाली की पालक-शिक्षक संघाची पहिली सभा होते आणि तिच्यात एक विषय हमखास निघतो : पैसा कुठून आणायचा? ग्रंथालयाला कपाटे हवी असतात, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक हवे असतात, सहलीला काही मुलांचे पैसे भरायचे असतात. उत्तरेही तयार असतात. आनंदमेळावा घ्या, नाटकाचा प्रयोग लावा, स्मरणिका काढा, रद्दी गोळा करा. अशी यादी कोणीही करू शकतो. कोणता मार्ग कोणत्या शाळेला पेलेल हे ठरवायचे मोजमाप मात्र सभेत सहसा कोणी मांडत नाही.

नाशिक शहर आणि जिल्हा समोर ठेवून ते मोजमाप येथे मांडले आहे. प्रतिपादन एवढेच, की किती रक्कम जमली याच्या आधी ती कुणाच्या खिशातून आली हे पाहावे. पालकांनी पालकांकडूनच गोळा केलेला पैसा म्हणजे नाव बदललेली फी होय.

२. पूर्वपीठिका

नाशिकच्या जुन्या शिक्षणसंस्थांची नावे वाचली तरी त्यांचा पैसा कुठून आला हे कळते. १९१८ साली स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीचे हं. प्रा. ठा. कला महाविद्यालय हंसराज प्रागजी ठाकरसी यांच्या नावाने चालते, तर वाणिज्य महाविद्यालयाला विडी व्यवसायातील भिकुसा यमासा क्षत्रिय यांचे नाव आहे. बिटको, रुंगटा, सारडा ही शाळांची नावेही दातृत्वाचीच खूण आहेत. १९१४ साली सुरू झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या जुन्या वसतिगृहाला उदोजी महाराजांचे नाव आहे.

दुसरी परंपरा चिमूटभर वाट्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड प्रसिद्ध आहे. घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहातील मुलांचे जेवण चाले. त्याआधी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड उभारला होता. माणशी वर्षाला एक पैसा या हिशेबाने जमलेल्या रकमेतून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला.

एकीकडे एका धनिकाची थैली आणि दुसरीकडे हजारो घरांची मूठ, पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. देणाऱ्याचे मूल त्या शाळेत असलेच पाहिजे अशी अट नव्हती. शाळा ही गावाची गरज मानली जाई आणि गाव तिला देई. आजच्या पालकसंघांनी हे वर्तुळ आक्रसून मुलांच्या आईबापांपुरते केले, आणि निधीउभारणीतल्या बहुतेक कटकटी तिथूनच सुरू होतात.

३. कायद्याची चौकट

शाळेच्या प्रकाराप्रमाणे पालकांचे मंडळ बदलते. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. खाजगी विनाअनुदानित शाळांना महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा, २०११ लागू होतो. त्यानुसार प्रत्येक पालक आणि शिक्षक संघाचा सदस्य असतो आणि कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडले जातात. संघाची वार्षिक वर्गणी शहरी भागात ५० रुपये आणि ग्रामीण भागात २० रुपये आहे. हा आकडा बोलका आहे. पालकांच्या खिशातून मोठा निधी उभा राहावा अशी या कायद्याची अपेक्षाच नाही.

त्यापुढे चार कुंपणे लक्षात ठेवावी लागतात. पहिले, शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ ने कॅपिटेशन फीला बंदी केली आहे आणि शाळेने जाहीर केलेल्या फीखेरीज कोणतीही देणगी किंवा अंशदान तिच्या व्याख्येत येते. दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत होऊ शकतो. म्हणून प्रवेशाच्या वेळी मागितलेली ‘ऐच्छिक’ देणगी धोक्याची. दुसरे, नोंदणीकृत न्यासाखेरीज इतर कोणी धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करणार असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात तीच ही परवानगी. संस्थेच्या न्यासाच्या पावती पुस्तकावर पैसा घेतला तर ही अडचण सुटते. तिसरे, सरकारची परवानगी नसलेली लॉटरी चालवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ प्रमाणे गुन्हा आहे. मेळाव्यात तिकिटे विकून काढलेला ‘लकी ड्रॉ’ या कुंपणाच्या फार जवळ जातो, म्हणून तो वगळलेलाच बरा. चौथे कुंपण परदेशी देणगीचे, ते पुढे येईल.

४. चार कसोट्या

कोणताही मार्ग पुढील चार प्रश्नांवर तपासावा.

उगम : पैसा पालकांच्याच घरातून येतो की बाहेरून?
निव्वळ : खर्च, पदरचे सामान आणि माणसांचे तास वजा जाता काय उरते?
मुभा : एखाद्याने ‘नाही’ म्हटले तर ते कुणाला कळते का, आणि त्याची झळ मुलाला लागते का?
सातत्य : हा मार्ग पुढच्या वर्षी नवी माणसे आली तरी चालेल का?

५. मार्गांचे परीक्षण

(अ) थेट वर्गणी. निव्वळच्या कसोटीवर हा मार्ग सर्वांत सरस, कारण गोळा करायला खर्च नाही. उगम आणि मुभा या दोन्हींवर मात्र तो नापास होतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पैसे भरलेल्यांची यादी’ टाकली जाते आणि त्यात न दिसणारी नावे सगळ्यांनाच दिसतात. रिक्षा चालवणाऱ्याचे आणि डॉक्टरचे मूल एकाच बाकावर बसत असेल तर समान वर्गणी ही समान राहत नाही. वर्गणी घ्यायचीच असेल तर रक्कम ठरवू नये, पैसा थेट न्यासाच्या खात्यात जावा आणि कुणी किती दिले हे खजिनदारापलीकडे जाऊ नये.

(आ) आनंदमेळावा. हा सर्वांत लोकप्रिय मार्ग, म्हणून त्याचा हिशेब जवळून पाहू. समजा, शाळेच्या मैदानावर चाळीस टेबले लागली. मिसळ, भेळ, साबुदाणावडे, सरबत असा प्रत्येक टेबलाचा माल पालकांनी पदरचे सहाशे रुपये घालून आणला, म्हणजे २४ हजार झाले. मांडव, टेबले, दिवे आणि कुपनांची छपाई यांवर १५ हजार गेले. कुपने विकली गेली ७० हजारांची. सभेत अहवाल येतो : ‘५५ हजार नफा.’ टाळ्या पडतात.

आता कुपने कोणी घेतली ते बघू. साठ हजारांची कुपने पालकांनी आणि मुलांनीच घेतली, बाहेरच्या पाहुण्यांनी दहा हजारांची. म्हणजे पालकांच्या घरांतून माल धरून ८४ हजार बाहेर पडले आणि शाळेला मिळाले ५५ हजार, त्यातही दहा हजार पाहुण्यांचे. शिवाय पहाटेपासून साबुदाणा भिजवणाऱ्या आयांचे तास कुठेच धरलेले नाहीत. मेळावा वाईट ठरत नाही. मुले गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देतात, पालक एकमेकांना ओळखू लागतात, संध्याकाळ मजेत जाते. त्याला उत्सव म्हणावे आणि उत्सव म्हणूनच त्याचा खर्च करावा. निधीसाठी घ्यायचा असेल तर फाटक बाहेरच्यांना उघडे हवे : शेजारच्या सोसायट्यांत आमंत्रण, संध्याकाळची वेळ, रस्त्यालगतची जागा.

(इ) नाटक आणि स्मरणिका. मराठी शाळांची ही खास रीत. संस्था व्यावसायिक नाटकाचा एक प्रयोग ठरावीक रकमेला विकत घेते, महाकवी कालिदास कलामंदिराची तारीख मिळवते आणि ‘देणगीमूल्य’ छापलेली तिकिटे पालकांमार्फत खपवते. येथे धोका ठरलेल्या खर्चाचा असतो. नाट्यगृह अर्धे भरले तरी प्रयोगाची रक्कम पूर्णच द्यावी लागते. वर्गावर्गांत तिकीटपुस्तके वाटून ‘इतकी खपलीच पाहिजेत’ म्हटले की मुभेची कसोटी ढासळते आणि न खपलेली तिकिटे भिडस्त पालकांच्या गळ्यात पडतात.

या जोडीतला खरा कमावता भाग म्हणजे स्मरणिकेच्या जाहिराती. दहीपूल, मेनरोड, कॉलेजरोड इथल्या दुकानदाराला नाट्यगृहात हजर असलेली शेकडो घरे म्हणजे गिऱ्हाईक, म्हणून तो पान घेतो. हा पैसा बाहेरचा आणि व्यवहाराचा असतो. नाटक ठरवण्यापूर्वी जाहिरातींतून प्रयोगाचा निदान निम्मा खर्च निघतो आहे हे पाहावे. तो निघत नसेल तर प्रयोग रद्द करणेच शहाणपणाचे.

(ई) रद्दी आणि विक्री. रद्दी दिसायला क्षुल्लक, पण चारही कसोट्यांवर उतरणारी. पैसा रद्दीवाल्याकडून येतो, घरातून फक्त अडगळ जाते, आणि एखाद्याने दिली नाही तरी कुणाला कळत नाही. भाव आधी ठरवावा, वजन काट्यावर समोर करून घ्यावे आणि महिन्याचा एक शनिवार कायमचा नेमावा. दिवाळीच्या पणत्या, आकाशकंदील, उटणे यांची विक्री मात्र पालकांनाच केली तर (आ) मधला दोष पुन्हा येतो. सोसायटीच्या आवारात टेबल टाकून विकली तर टळतो.

(उ) माजी विद्यार्थी. मुष्टिफंडाच्या जवळ जाणारा हा मार्ग आहे. देणाऱ्याचे मूल शाळेत नसते, म्हणून भीड नसते. एका बॅचने एक गोष्ट उचलावी, म्हणजे १९९५ च्या दहावीने प्रयोगशाळा आणि पुढच्या तुकडीने ग्रंथालयाची कपाटे, ही रीत सोपी पडते. देणाऱ्याला काय उभे राहिले ते दिसते आणि पुढच्या तुकडीला चढाओढ लागते. परदेशातल्या मंडळींबाबत एक भेद जपावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. परक्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा ठरतो आणि त्यासाठी संस्थेला परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

(ऊ) कारखाने. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती नाशिकच्या शाळांच्या दारात आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते आणि शिक्षण त्या यादीत आहे. पालकसंघ स्वतः हा पैसा घेऊ शकत नाही. त्याला नोंदणीकृत संस्था पुढे करावी लागते. पालकसंघाचे काम वेगळे आहे. कारखान्यात काम करणाऱ्या पालकाने योग्य टेबल कुठले ते सांगावे, दुसऱ्याने दोन पानी अर्ज लिहावा, तिसऱ्याने दरपत्रके जोडावीत. पैशाऐवजी वस्तू किंवा वेळ देणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे विद्यांजली पोर्टलही आहे.

६. वेळेचा हिशेब

कारखानदारीच्या भागात दिवाळीचा बोनस हातात येतो तेव्हा विक्री चालते. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारी ते मार्च हा पैसा फिरण्याचा काळ, तर जूनमध्ये तोच शेतकरी बियाणे-खतांत अडकलेला असतो. लासलगावचा कांद्याचा भाव पडला की गावातली लोकवर्गणी थांबते. कंपन्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते, पण खर्चाचे आराखडे त्याच्या कितीतरी आधी पक्के होतात. अर्ज दिवाळीपूर्वी जाणे बरे. एकाच महिन्यात स्नेहसंमेलन, सहल आणि वर्गणी आली तर तीन मागण्यांचा राग तिसरीवर निघतो.

७. कशासाठी मागू नये

प्रत्येक खर्च वर्गणीतून भागवायचा नसतो. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, कुंपण, ग्रंथालय यांची यादी शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. ही शाळा चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. पालकसंघाने वर्गणीतून स्वच्छतागृह बांधले की त्या वर्षीची अडचण मिटते आणि जबाबदाराची फाईल कायमची बंद होते. कलम २२ प्रमाणे व्यवस्थापन समितीने तयार केलेला शाळा विकास आराखडा हाच सरकारी अनुदानाचा आधार असतो, म्हणून अशी मागणी आधी आराखड्यात लिहावी. पगारासारखा दरमहाचा खर्चही एकवेळच्या निधीवर लादू नये.

८. निष्कर्ष

यातून कामाचा क्रम ठरतो. प्रथम गरजांची यादी करून कायद्याने ज्याचे देणे आहे त्याच्याकडे लेखी मागणी करावी. उरलेल्या गरजांसाठी बाहेरचा पैसा शोधावा : माजी विद्यार्थी, कारखाने, जाहिराती, रद्दी. मेळावा आनंदासाठी घ्यावा. पालकांची वर्गणी सर्वांत शेवटी, रक्कम न ठरवता आणि नावे न दाखवता घ्यावी. वर्षअखेर जमाखर्च पावत्यांसह शाळेच्या फलकावर लावावा आणि त्यात ‘पालकांकडून’ व ‘बाहेरून’ असे दोन रकाने वेगळे ठेवावेत. दुसरा रकाना दरवर्षी वाढत असेल तर संघ योग्य दिशेने चालला आहे. पहिलाच वाढत असेल, तर पुढच्या सभेत नव्या कल्पना मागण्याआधी जुन्याच थांबवाव्यात.