महिन्याचे पत्रक : शाळेच्या कपाटातला इतिहास

महिनाअखेर आली की प्राथमिक शाळेत एक काम ठरलेले असते. हजेरीपत्रकाच्या आडव्या-उभ्या बेरजा जुळवायच्या, सरासरी उपस्थिती काढायची, पट किती, मुले किती, मुली किती, नवे दाखल किती, नाव कमी केलेले किती हे लिहायचे आणि मासिक पत्रक वर पाठवायचे. शिक्षकाला हे काम कंटाळवाणे वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. पण एखाद्या गावाच्या शाळेचा इतिहास लिहायचा झाला तर या पत्रकाइतके बोलके साधन दुसरे नाही. ही पत्रके कोणाकडे जात होती आणि त्यांतला आकडा काय सांगतो, काय लपवतो, हे आपण या लेखात पाहू.

उदाहरणासाठी मुळशी तालुक्यातील हिंजवडी डोळ्यांसमोर ठेवू. एके काळचे हे शेतीचे गाव आज माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे देशभर ओळखले जाते. औद्योगिक विकास महामंडळाचे हे उद्यान हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या जमिनींवर उभे राहिले. महामार्गाच्या अलीकडचे वाकड १९९७ साली आसपासच्या इतर गावांबरोबर पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. हिंजवडी मात्र तेव्हा ग्रामपंचायतीतच राहिले. त्यामुळे एका बाजूच्या शाळा कालांतराने महापालिकेच्या शिक्षण मंडळाकडे आल्या, तर दुसऱ्या बाजूच्या जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. वस्ती सलग, मुले सारखी, पाऊस तोच, पण पत्रक पाठवायचे ठिकाण वेगळे. हिंजवडीही महापालिकेत घ्यावी ही मागणी पुढे वारंवार झाली आणि २०२५ मध्ये तिने पुन्हा जोर धरला.

शाळेचा मालक कोण, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. खेड्यातल्या शाळांसाठी पैसा हवा म्हणून १८६० च्या दशकात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवण्यात आला. म्हणजे शाळेचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून येत होता. १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली व या शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे कारभार सोपवला. १९४७ च्या कायद्याने ही घडी पुन्हा बदलली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण शाळा त्यांच्याकडे आल्या. शहरांत शिक्षण मंडळे राहिली. तीही शिक्षणहक्क कायद्यानंतरच्या काळात रद्द होऊन त्यांचे काम महापालिकांच्या शिक्षण विभागांकडे गेले.

दीडशे वर्षांत मालक इतक्या वेळा बदलला, पण महिन्याचा हिशेब मागायची पद्धत बदलली नाही.

शाळेच्या बातम्या खालून वर जात, तशाच वरून खालीही येत. त्यासाठी १८६० च्या दशकात ‘मराठी शालापत्रक’ हे मासिक निघाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे संपादक होते. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री १८६८ पासून त्यात लिहू लागले आणि पुढे ते काम त्यांनीच सांभाळले. शिक्षकांसाठी मराठीत मासिक असावे ही कल्पना त्या काळाच्या मानाने मोठीच होती. परंतु खात्याच्या आधाराने चालणाऱ्या मासिकाने खात्यावर टीका किती करावी, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. सरकारला ही टीका रुचली नाही आणि १८७५ साली चिपळूणकरांचे शालापत्रक बंद पडले. त्याआधी, १८७४ मध्येच, विष्णुशास्त्र्यांनी स्वतःची ‘निबंधमाला’ सुरू केली होती. शाळेची बातमी कोणी लिहायची आणि कोणाच्या पैशाने, या प्रश्नाचे वय एवढे आहे.

खालून वर जाणाऱ्या माहितीवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. शेतकऱ्याकडून फंड घेतला जातो, पण त्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर पुरेसा खर्च होत नाही, हे त्यांनी त्यात मांडले. त्याच निवेदनात शाळातपासणीबद्दलही सूचना आहेत. तपासणी अपुरी आहे, ती निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि आगाऊ वर्दी न देताही शाळा पाहाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. यातला विचार शास्त्रीय आहे. मोजले जाणार हे आधी कळले की जे मोजायचे तेच बदलते. प्रयोगशाळेत आपण ही काळजी घेतो, पण शाळेच्या आकड्यांबाबत ती घ्यायचे विसरतो.

आता आकड्याकडेच वळू. समजा, एका वर्गाचा पट ४० आहे आणि महिन्यात शाळा २५ दिवस भरली. सर्व मुले रोज आली असती तर हजेरीची एकूण बेरीज १००० झाली असती. प्रत्यक्षात ती ८०० भरली. ८०० भागिले २५, म्हणजे सरासरी उपस्थिती ३२, अर्थात ८० टक्के. पत्रकावर एवढेच जाईल. पण हे ८०० दोन तऱ्हांनी होऊ शकतात. एका शाळेत प्रत्येक मूल २० दिवस आले आणि ५ दिवस घरी राहिले. दुसऱ्या शाळेत ३२ मुले रोज आली आणि ८ मुले एकही दिवस आली नाहीत. पहिल्या शाळेत फारसे बिघडलेले नाही. दुसऱ्या शाळेतून मात्र ८ मुले शिक्षणाबाहेर चालली आहेत. सरासरी दोन्हीकडे तीच.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली, तेव्हा हा फरक तांदळाच्या मापात दिसू लागला. सुरुवातीला ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य मिळत असे. आपल्या पहिल्या शाळेत चाळीसही मुले पात्र ठरतील, म्हणजे १२० किलो तांदूळ लागेल. दुसऱ्या शाळेत ३२ मुलांना ९६ किलो पुरेल. ज्या ८ मुलांच्या घरी बहुधा धान्याची गरज सर्वांत जास्त, तीच वगळली जातील. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे आले. त्यामुळे महिन्याच्या हिशेबाऐवजी त्या दिवशी आलेले मूल त्या दिवशी जेवू लागले.

आकड्याला तांदूळ, भत्ता किंवा शिक्षकाचे पद जोडले की आकडा निव्वळ मोजमाप राहत नाही. १९९२ पासून दुर्बल घटकांतील मुलींना हजेरीच्या दिवसामागे एक रुपया भत्ता देण्याची योजना आली. हेतू चांगलाच होता. पण तेव्हापासूनची हजेरी वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. तेव्हा अनेक ठिकाणी कागदावरचा पट आणि वर्गातली मुले यांत मोठी तफावत आढळली. फुल्यांची सूचना १२९ वर्षांनी अशा रीतीने अंमलात आली म्हणायची!

हिंजवडीसारख्या गावात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. इमारती बांधायला आलेल्या मजुरांची मुले काही महिने गावात राहतात आणि काम संपले की पुढे जातात. जूनच्या पटात ती नसतात, वार्षिक अहवालातही दिसत नाहीत. ती कोठे सापडतील तर महिन्याच्या पत्रकात, ‘नवीन दाखल’ आणि ‘नाव कमी’ या दोन रकान्यांत. पट १२० चा १२० च राहिला, पण वर्षभरात ३० मुले आली आणि ३० गेली, तर ती शाळा स्थिर आहे असे म्हणता येणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरवले आहे. हद्द बदलली तरी मूल नोंदीतून निसटू नये, एवढी काळजी घ्यायलाच हवी.

आणि हीच पत्रके आपण आधी टाकून देतो. जनरल रजिस्टर जपले जाते, कारण जन्मतारखेच्या आणि जातीच्या दाखल्यासाठी त्याची गरज पडते. मासिक पत्रकाच्या स्थळप्रती, शेरेबुक, जुनी हजेरीपत्रके मात्र सहसा इमारत पाडताना किंवा शाळा दुसऱ्या संस्थेकडे जाताना रद्दीत जातात. आता माहिती संगणकावर भरली जाते हे खरे, पण त्याआधीच्या दशकांचे काय?

म्हणून एक प्रकल्प सुचवावासा वाटतो. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन शाळेतील सर्वांत जुनी उपलब्ध हजेरीपत्रके काढा. नोंदी मोडीत असतील तर गावात मोडी वाचणारे कोणी आहे का ते शोधा. कोणत्याही मुलाचे नाव बाहेर न देता फक्त आकडे उतरवून घ्या. आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर सरासरी उपस्थिती घेऊन आलेख काढा. भातलावणीचा महिना, जत्रा, साथ, दुष्काळ यांच्या खुणा आलेखात दिसतात का ते पाहा. नंतर दाखल झालेल्या आणि नाव कमी झालेल्या मुलांचा दुसरा आलेख त्याच कागदावर काढा. गावाची जमीन कधी विकली गेली आणि गाव कधी भरू लागले हे महसुली कागदाइतकेच या दोन रेषाही सांगतील. मुलांना सरासरी म्हणजे काय हे समजेल आणि तिच्या मर्यादाही कळतील.

काम संपल्यावर कागद पुन्हा नीट बांधून, वर वर्ष लिहून कपाटात ठेवा. उद्या शाळेच्या पाटीवर ग्रामपंचायतीऐवजी महापालिकेचे नाव आले, तर नव्या मालकाला इमारतीच्या चाव्यांबरोबर हा गठ्ठाही सही घेऊन सोपवावा.