फर्दापूरची वाट : अजिंठ्याचे नक्कलकार आणि भानू अथैया यांची चित्रपटीय कारकीर्द

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी वसलेले आहे. मोगल काळात दक्षिणेकडे जाणाऱ्या-येणाऱ्या तांड्यांच्या मुक्कामासाठी येथे सराई बांधली गेली. तिचे अवशेष आजही गावाच्या जुन्या महत्त्वाची साक्ष देतात. निजामाच्या राज्याच्या उत्तर टोकाला आणि ब्रिटिश खानदेशाच्या लगत असल्यामुळे रेल्वे आल्यानंतर जळगावच्या बाजूने येणारा अजिंठ्याचा प्रवासी प्रथम फर्दापूरला टेकत असे. गावापासून अवघ्या चार-पाच किलोमीटरवर वाघूर नदीच्या नालाकृती वळणात अजिंठ्याची तीस लेणी आहेत. इतिहासग्रंथांतून लेण्यांविषयी विपुल लिहिले गेले, परंतु लेण्यांच्या दारातील या गावी राहून ज्यांनी चित्रांच्या नकला केल्या आणि त्या नकलांतून पुढे ज्यांनी रंगभूमीवर व रुपेरी पडद्यावर उपजीविका उभी केली, त्यांचा विचार तुलनेने कमी झाला आहे. प्रस्तुत निबंधात या साखळीचा मागोवा घेतला असून तीत मुख्यतः कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे. लोकप्रिय करमणुकीच्या क्षेत्रात कलावंताला काम मिळणे, नाव मिळणे आणि त्याचे काम टिकणे या तीन स्वतंत्र बाबी आहेत. त्या एकत्र येतातच असे नाही.

नक्कलकारांचा मुक्काम :

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रास फौजेतील अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. जेम्स फर्ग्युसन यांच्या १८४३ मधील निबंधानंतर चित्रांच्या ऱ्हासाची चिंता लंडनमध्ये व्यक्त होऊ लागली आणि १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांना नकला करण्यासाठी नेमले. गिल यांनी अजिंठा गावच्या बारादरीत बिऱ्हाड केले व पुढची अनेक वर्षे कॅनव्हासवर तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला पोहोचल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांच्या कुतूहलासाठी मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. क्रिस्टल पॅलेस ही काही विद्वानांची अभ्यासिका नव्हती. ती तिकीट काढून पाहण्याची, सहकुटुंब रमण्याची जागा होती. अजिंठ्याची चित्रे आधुनिक काळात प्रथम मोठ्या जनसमुदायासमोर आली ती अशा करमणुकीच्या मंडपात, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गिल १८७९ मध्ये भुसावळ येथे वारले.

त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हे काम पुन्हा हाती घेतले. पुढे नामवंत चित्रकार झालेले पेस्तनजी बोमनजी हे या विद्यार्थ्यांपैकी एक होत. या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले व ते ग्रिफिथ्स यांच्याच नावाने ओळखले जातात. उन्हाळा-पावसाळा सांभाळून, अंधाऱ्या विहारात उजेडाची सोय करीत रेषा गिरवणारे विद्यार्थी मुखपृष्ठावर आले नाहीत. आणखी एक कटू सत्य येथे नोंदवले पाहिजे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नक्कलकारांनी त्यांवर व्हार्निश चढवले. ते पुढे पिवळे-काळे पडले आणि १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना ते काढण्याचे काम करावे लागले. जतनासाठी केलेल्या नकला जळाल्या आणि नकलांसाठी मूळ चित्रांना इजा झाली.

१९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांचा नक्कल करणारा गट फर्दापूरच्या परिसरात तळ देऊन राहिला. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा, तर हैदराबादहून सय्यद अहमद व मोहम्मद फजलुद्दीन असे तरुण या गटात होते. या तळाने आधीच्या दोन्ही प्रयत्नांपेक्षा वेगळे असे एक काम केले. नकला करता करता तरुणांची रेषाच बदलली. नंदलाल बोस यांच्या पुढील चित्रांतील देहवळणे व हस्तमुद्रा पाहता अजिंठा हे त्यांचे दुसरे विद्यालय ठरले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. सय्यद अहमद यांनी तर लेण्यांचे अभिरक्षक म्हणून पुढील आयुष्य याच परिसरात वेचले. लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये या नकलांचा ग्रंथ काढला. नक्कल हा केवळ दस्तऐवज नसून ते एक शिक्षणही असते, हे येथे स्पष्ट होते.

लंडनच्या रंगमंचावर :

या रेषेचा करमणुकीच्या व्यवसायाशी उघड संबंध आला तो १९२३ मध्ये. रशियन नर्तिका आना पावलोव्हा यांनी भारतभेटीनंतर लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बेतलेले एक बॅले सादर केले. त्याला चेरेपनिन यांचे संगीत होते. त्याच सुमारास मुंबईच्या कलाशाळेत काही काळ शिकलेले आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे विद्यार्थी असलेले उदय शंकर पावलोव्हांसाठी भारतीय विषयांवरील नृत्ये बसवीत होते. चित्रकलेतून नृत्यव्यवसायाकडे वळलेल्या या तरुणाची पुढची कारकीर्द सर्वांना ठाऊक आहे. भिंतीवरची मुद्रा नर्तकाच्या देहात आणणे, म्हणजे स्थिर चित्रात गती भरणे, हा प्रयोग तेव्हा रुजला. पडद्यावरील ‘प्राचीन भारत’ नंतरच्या काळात याच वळणाने गेला.

कोल्हापूर ते मुंबई :

भानू राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात झाला. कोल्हापूरचे चित्रकार नाटकाचे पडदे रंगवीत रंगवीत चित्रपटात गेले. बाबूराव पेंटर हे त्याचे ठळक उदाहरण, आणि भानू यांचे वडील अण्णासाहेब हेही त्यांच्या चित्रपटांशी निगडित असलेले चित्रकारच होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मुलीला चित्रकलेच्या शिक्षणासाठी मुंबईला पाठवणे ही त्या काळच्या मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. कलाशाळेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांचे चित्र मांडले गेले. सूझा, हुसेन, रझा यांच्या परंपरेत त्यांचे नाव लागू शकले असते.

त्यांनी तो मार्ग सोडला. कारण समजून घेणे अवघड नाही. कॅनव्हास विकला जाईपर्यंत चित्रकाराला वाट पाहावी लागते, तर महिलांच्या नियतकालिकातील फॅशनच्या रेखाटनांचा मोबदला हाती पडतो. ‘ईव्ह्ज वीकली’मधील रेखाटनांवरून प्रत्यक्ष कपडे बेतण्याचे काम आले, कपड्यांमुळे अभिनेत्री आल्या आणि अभिनेत्रींमुळे चित्रपट आले. गुरुदत्त यांची निर्मिती असलेल्या ‘सी.आय.डी.’ (१९५६) पासून त्यांची कारकीर्द स्थिरावली. ‘प्यासा’ (१९५७), ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२), ‘वक्त’ (१९६५) अशी परस्परांहून भिन्न काळाची व थरांची कामे त्यांनी केली. कलाशाळेच्या भिंतीवर चित्र टांगण्याऐवजी त्यांनी ते हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर हलत्या देहावर टांगले. हा कलेचा त्याग होता की विस्तार, याविषयी मतभेद होऊ शकतात, परंतु तो एका विचारी स्त्रीने डोळे उघडे ठेवून केलेला व्यवहार होता, हे निश्चित.

‘आम्रपाली’ची वस्त्रे :

लेख टंडन दिग्दर्शित ‘आम्रपाली’ (१९६६) हा या निबंधाच्या दृष्टीने कळीचा चित्रपट होय. वैशालीची नगरवधू आणि मगधाचा अजातशत्रू यांच्या या कथेत वैजयंतीमाला यांची वेशभूषा भानू अथैया यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या आधारे घडवली. आखूड कटिवस्त्र, वक्षबंध, मेखला, दंडावरील केयूर आणि केसांतील अलंकार ही सर्व सामग्री त्या भिंतींवरची आहे. ज्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी ही चित्रे उतरवून घेतली, त्याच शाळेची ही पदवीधर होती, हा केवळ योगायोग मानता येत नाही. मुंबईच्या कलाशिक्षणात अजिंठा मुरलेला होता.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक आक्षेप घ्यावा लागतो. अजातशत्रूचा काळ इ. स. पू. पाचव्या शतकाच्या आसपासचा, तर पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांतील गाजलेली चित्रे वाकाटक काळातील, म्हणजे सुमारे इ. स. पाचव्या शतकातील. आम्रपालीच्या अंगावर तिच्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी रंगवलेली वस्त्रे आहेत. काटेकोर कालनिष्ठेने पाहिल्यास ही चूक ठरेल. तथापि बुद्धकालीन वेशाचे समकालीन चित्ररूप पुरावे जवळपास नाहीतच आणि प्रेक्षकाच्या मनात ‘बौद्धकाळ’ म्हणजे अजिंठा हे समीकरण आधीच पक्के झालेले होते. वेशभूषाकाराने ग्राह्य पुराव्यांपैकी सर्वांत समृद्ध पुरावा निवडला, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

दुसरी अडचण अधिक व्यावहारिक होती. अजिंठ्यातील पुष्कळ स्त्रियांचे ऊर्ध्वांग अनावृत किंवा तलम वस्त्रातून दिसणारे आहे. हिंदी चित्रपटात ते दाखवणे शक्य नव्हते. मात्र पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या दृश्यात नर्तकीने शिवलेले, बाह्यांचे वस्त्र घातलेले आहे. म्हणजे शिवलेला कपडा त्या जगाला परका नव्हता. पडद्यावरची नर्तकी चित्रातील नर्तकीपेक्षा आणखी एका बाबतीत वेगळी आहे. तिला प्रत्यक्ष नाचायचे आहे, गिरकी घ्यायची आहे. चित्रातले वस्त्र जागेवर राहते, देहावरचे राहत नाही. ते कोठे शिवायचे, कोठे केवळ गुंडाळल्याचा आभास द्यायचा, याचा निर्णय शिंप्याच्या मेजावर होतो. गिल किंवा ग्रिफिथ्स यांच्यापुढे हा प्रश्न कधीच नव्हता. त्यामुळे ‘आम्रपाली’ला नक्कल म्हणता येणार नाही. ते भाषांतर आहे. पुढे पौराणिक नाटके, मेळावे, स्नेहसंमेलने येथे दिसणारी ‘प्राचीन’ स्त्रीवेशाची कल्पना बरीचशी याच भाषांतरावर पोसली गेली.

नाव आणि जतन :

‘गांधी’ (१९८२) साठी जॉन मोलो यांच्यासमवेत भानू अथैया यांना एप्रिल १९८३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्याच वर्षी अजिंठा लेण्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. विशेष म्हणजे भारताच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वेशभूषेसाठी स्वतंत्र पुरस्कार तोवर नव्हता. तो १९८४ च्या चित्रपटांपासून दिला जाऊ लागला. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’ यांसाठी अथैया यांना तो मिळाला. सुमारे तीन दशके काम केल्यावर मायदेशाने त्यांच्या व्यवसायाला पुरस्काराच्या यादीत जागा दिली, आणि तीही परदेशी मोहोर उमटल्यानंतर.

२०१० मध्ये त्यांनी आपल्या कामाविषयीचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. २०१२ मध्ये, येथे तो सुरक्षित राहील याची खात्री वाटत नसल्याने, त्यांनी ऑस्करची बाहुली अकादमीकडे जतनासाठी परत पाठवली. त्या निर्णयावर टीका झाली. परंतु चित्रपटांची वेशभूषा चित्रीकरणानंतर भाड्याच्या गोदामात जाते, उसवली जाते, पुन्हा वापरली जाते. ज्या व्यवसायात निर्मितीच टिकत नाही, त्यातील व्यक्तीने निदान सन्मानचिन्हाची तरी तजवीज करावी, यात वावगे काय? विपर्यास एवढाच की जतनासाठी लंडनला गेलेल्या अजिंठ्याच्या नकला दोनदा आगीत सापडल्या होत्या. अथैया यांचे १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत निधन झाले.

पळसखेडची बाजू :

याच सोयगाव तालुक्यातील पळसखेडच्या ना. धों. महानोर यांची वाट मात्र उलटी आहे. १६ सप्टेंबर १९४२ रोजी जन्मलेल्या या कवीने शेती सोडली नाही, गाव सोडले नाही आणि तरीही ‘जैत रे जैत’ (१९७७) पासून मराठी चित्रपटगीताला रानाची भाषा दिली. ‘सर्जा’, ‘एक होता विदूषक’, ‘मुक्ता’, ‘दोघी’ हे त्यांच्या गीतांचे आणखी काही चित्रपट. मुंबईत बिऱ्हाड केल्यावाचून चित्रपटव्यवसायात स्थान मिळत नाही, या समजाला त्यांनी छेद दिला. अर्थात त्यांच्यामागे ‘रानातल्या कविता’ (१९६७) ची प्रतिष्ठा आणि शेतीचा आधार होता. नवख्याला तो मार्ग तितका सुकर नसतो.

गिल आणि अजिंठ्याची पारो यांच्यावरील महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेवरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये त्याच नावाचा चित्रपट काढला. पारोची कबर अजिंठा गावात असून तिच्यावर १८५६ हे साल कोरलेले आहे. देसाई मूळचे कलादिग्दर्शक. ‘लगान’साठी त्यांना आणि अथैया यांना एकाच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. या चित्रपटाने नक्कलकारालाच नायक केले. फर्दापूरच्या तळावरील सय्यद अहमद किंवा ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांवर असा चित्रपट अद्याप निघालेला नाही. कर्जतचा मोठा स्टुडिओ उभा करणाऱ्या देसाई यांनी २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत जीवनयात्रा संपवली. दुसऱ्या दिवशी, ३ ऑगस्टला, महानोर पुण्यात निवर्तले. त्यांच्यावरील अंत्यसंस्कार पळसखेडला झाले.