सुकाणू, पाय आणि उपग्रह : विजेच्या ट्रोलिंग मोटरीच्या नियंत्रणाचा इतिहास

यंत्रांचा इतिहास बहुधा त्यांच्या शक्तीच्या वाढीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मासेमारीच्या छोट्या होड्यांना जोडल्या जाणाऱ्या विजेच्या मोटरीला हे माप लागू पडत नाही. अमेरिकेत ‘ट्रोलिंग मोटर’ ह्या नावाने रूढ झालेले हे साधन होडीला दूर नेण्यासाठी नसतेच. ते काम पेट्रोलच्या इंजिनाचे. मासा जेथे असेल तेथे पोहोचल्यावर, त्याला चाहूल लागू न देता, होडी हातभर पुढे वा मागे सरकविणे एवढेच तिचे कार्य. तेव्हा तिच्या कर्त्यांपुढील खरा प्रश्न वेगाचा नव्हता. गळ टाकणाऱ्याचे दोन्ही हात काठी व रीळ ह्यांत गुंतलेले असताना होडी वळवावयाची कोणी, हा तो प्रश्न होय.

प्रथम नावासंबंधी. इंग्रजी ‘ट्रोल’ हे क्रियापद जुन्या फ्रेंच भाषेतून आले असून शिकारीच्या शोधात इकडेतिकडे भटकणे हा त्याचा मूळ अर्थ. पुढे चालत्या होडीमागे आमिष ओढत नेण्यास ते लावले गेले. कोकणच्या बंदरांत ज्या ‘ट्रॉलर’चे नाव ऐकू येते त्याचा संबंध समुद्रतळावरून जाळे ओढण्याशी आहे आणि तो शब्दही निराळा, देवनागरीत मात्र दोहोंची गल्लत सहज होते. विशेष असे की, आज ही मोटर वापरणारे बहुसंख्य लोक त्या मूळ अर्थाने ट्रोलिंग करीतच नाहीत. क्रिया गेली, नाव राहिले.

विजेवर चालणारी होडी ह्या मोटरीहून पुष्कळ जुनी आहे. मोरिट्झ याकोबी ह्याने १८३८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर विद्युत्‌घटांच्या बळावर वल्हेचाकांची होडी चालवून दाखविली होती. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे ते गुस्ताव्ह त्रुव्हे ह्या फ्रेंच संशोधकाच्या १८८१ मधील सेन नदीवरील प्रयोगाला. त्रुव्हेने मोटर सुकाणूच्या माथ्यावर बसविली आणि साखळीच्या द्वारे सुकाणूतच बसविलेला पंखा फिरविला. त्यामुळे सुकाणू ज्या दिशेस वळे त्या दिशेस ओढही वळे. होडी ढकलणे व वळविणे ह्या तोवर निरनिराळ्या असलेल्या दोन क्रिया येथे एका दांड्यात आल्या. पुढच्या सगळ्या ट्रोलिंग मोटरींचे बीज हेच. हात मात्र मोकळा झाला नाही. त्रुव्हेला त्याची गरजही नव्हती, कारण तो मासे धरावयास निघाला नव्हता.

ती गरज निर्माण झाली उत्तर अमेरिकेतील सरोवरांवर. १९३४ साली नॉर्थ डकोटातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट ह्याने फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारगाडीचा स्टार्टर घेतला, त्याला लवचीक दांडा व पंखा जोडला आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. मिनेसोटा व डकोटा ह्या शेजारच्या राज्यांच्या नावांचे तुकडे सांधून त्याचे ‘मिन कोटा’ असे नाव पडले. अशी मोटर होडीच्या पिछाडीस लावून मागे हात करून दांड्याने वळवावयाची असे. ह्यात दोन अडचणी होत्या. एक हात सतत दांड्यावर अडकून राही; शिवाय मागून ढकललेल्या होडीचे तोंड वाऱ्याने सारखे भरकटे.

दोन्ही अडचणींचे उत्तर मोटर नाळेवर नेण्यात होते. पुढून ओढल्या जाणाऱ्या होडीचे तोंड प्रथम वळते व उरलेली होडी त्यामागे येते. वाऱ्याकडे तोंड करून तिला धरून ठेवणेही सोपे जाते. १९५१ साली मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे जी. एच. हॅरिस ह्याने पायाने चालणारी मोटर तयार केली आणि तिला ‘गाइड’ हे नाव दिले. हे नाव बोलके आहे. पैसे देऊन बरोबर नेलेला, वल्हे मारून होडी हवी तेथे धरणारा माहीतगार, हा त्या शब्दाचा मासेमारीतील अर्थ. त्या माणसाची जागा घेण्याची आकांक्षाच नावात उतरली. पेडलापासून निघालेल्या पोलादी तारा मोटरीच्या माथ्यातील दात्यांना ओढतात. पायाची बोटे दाबली की होडी उजवीकडे, टाच दाबली की डावीकडे. धरणांच्या जलाशयांत बुडालेल्या झाडांभोवती राहणारा बास मासा धरण्यास ही युक्ती फार उपयोगी पडली, आणि रे स्कॉट ह्याने १९६७ साली आर्कान्सामधील बीव्हर सरोवरावर भरविलेल्या स्पर्धेनंतर बास-मासेमारीला जे स्पर्धात्मक रूप आले त्यात नाळेवरील मोटर अपरिहार्य ठरली. दिवसभर एका पायावर भार देऊन उभे राहण्याचा शीण मात्र कोणालाच टळला नाही. तो कमी व्हावा म्हणून होडीच्या फळीतच पेडल बसण्यापुरता खळगा ठेवण्यात येऊ लागला.

वेगाच्या नियंत्रणाची कथा थोडक्यात सांगता येते. प्रारंभी रोधक तारांच्या साह्याने ठरावीक पायऱ्यांनी वेग कमी केला जाई आणि मंद गतीतही बरीचशी वीज उष्णतेत वाया जाई. पुढे अर्धवाहक आले. प्रवाह सेकंदात अनेक वेळा चालू-बंद करून हवा तेवढा वेग मिळू लागला आणि घट अधिक वेळ पुरू लागले.

दिशेच्या बाबतीत विजेला इतके निर्विवाद यश आले नाही. तारांऐवजी छोट्या मोटरीने दांडा वळविण्याची सोय झाली, पेडल हलके झाले, पण कित्येक अनुभवी मच्छीमारांनी जुन्या तारा सोडल्या नाहीत. तारेच्या पेडलाचा कल हीच मोटरीची दिशा असते. मान खाली न घालता पायाला ती कळते, आणि पंखा पाणवनस्पतींत अडकला तर तेही कळते. हलक्या पेडलात ही जाण नाहीशी होते, शिवाय आज्ञा व वळण ह्यांत क्षणाचे अंतर पडते. ह्या आग्रहाला केवळ जुन्याची हौस म्हणणे चुकीचे होईल. २०१६ साली मिन कोटाने ‘अल्ट्रेक्स’ ह्या मोटरीत तारेची जाण राखून तिला विजेचे साह्य दिले, ते ह्याच आग्रहाचे फळ म्हणावे लागते.

ह्यानंतर पायाचेही काम घेतले ते उपग्रहांनी. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर राखलेली अशुद्धता काढून टाकली. त्यापूर्वी शंभर मीटरपर्यंत चुकणाऱ्या साधनाच्या भरवशावर होडी एका जागी धरणे शक्यच नव्हते. २०१० च्या सुमारास मिन कोटाच्या ‘आय-पायलट’ने ते शक्य करून दाखविले. होडी ठरलेल्या बिंदूपासून किती सरकली हे उपग्रहांवरून कळते, तोंड कोणीकडे आहे हे होकायंत्र सांगते. मोटर त्याप्रमाणे स्वतःस वळवून घेते, थोडे ओढते, पुन्हा पाहते. नॉर्बर्ट वीनर ह्याने १९४८ साली अशा स्वयंनियंत्रणाच्या शास्त्राला सुकाणूधाऱ्याच्या ग्रीक नावावरूनच ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले होते. संस्कृतातील ‘कर्णधार’ हा त्याच अर्थाचा शब्द. तोही आता मराठीत बहुधा क्रिकेटच्या मैदानावरच भेटतो.

अर्थदृष्ट्या येथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. मराठीने अरबी ‘सुक्कान’वरून घेतलेले सुकाणू आणि नांगर ही आजवर परस्परविरोधी कार्यांची साधने होती : एक होडी नेणारे, दुसरे थांबविणारे. ह्या मोटरीत सुकाणूच नांगराचे काम करते. दूरनियंत्रकाच्या ज्या कळीने ही क्रिया सुरू होते तिच्यावर चित्रही नांगराचेच असते. पाण्याखाली मात्र पंखा फिरत असतो, आणि घटांतील वीज संपली की होडी वाऱ्याबरोबर निघते. त्यामुळे असल्या होड्यांतूनही दोरीला बांधलेला लोखंडी नांगर ठेवावा लागतो.