डोंगर तोलताना कामी आलेली रेषा

नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात धावण्याचा खेळ म्हणजे ओरिएंटिअरिंग. त्याच्या नकाशावरच्या तपकिरी समोच्चरेषांच्या इतिहासातलं एक पान मात्र डोंगर तोलण्याचं आहे.

१७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलिन यांनी स्कॉटलंडमधला शिहॅलियन डोंगर ओळंब्याला किती ओढतो, हे ताऱ्यांच्या आधारे मोजलं. त्यावरून पृथ्वीची घनता काढायची, तर डोंगराचं आकारमान हवं. ते काम चार्ल्स हटन यांच्याकडे आलं. कधीकाळी कोळशाच्या खाणीत राबलेला हा गणितज्ञ. कागदभर विखुरलेल्या उंचीच्या आकड्यांतून आकार काही दिसेना. मग त्यांनी सारख्या उंचीचे बिंदू जोडले आणि कागदावर डोंगर उभा राहिला! पृथ्वी पाण्याच्या सुमारे ४.५ पट घन, असं उत्तर निघालं. आजचा आकडा ५.५ आहे.

उत्तर सुधारलं, रेषा टिकली. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सौम्य. त्यांचं टोक चढाकडे वळलं तर घळ, उताराकडे वळलं तर सोंड. झाडांआडची टेकडी धावणारा आधी कागदावर पाहतो. हटननीही तेच केलं होतं.