दादू इंदुरीकर : पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरलेला सोंगाड्या

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने तळेगावला उतरावे आणि चाकणच्या रस्त्याला लागावे. थोड्याच अंतरावर इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव लागते. या पानावरच्या बहुतेक वाचकांना ते दाभाड्यांच्या किल्ल्यामुळे ठाऊक असेल. आजचा धागा मात्र किल्ल्याचा नाही. याच गावाचे नाव स्वतःच्या नावापुढे लावून महाराष्ट्र गाजवणाऱ्या एका तमासगिराचा, आणि त्याहूनही अधिक, त्याला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांच्या आठवणींचा आहे.

दादू इंदुरीकर. मूळ नाव गजानन राघू सरोदे. जन्म १९२८, मृत्यू १९८०. ढोलकीफडाच्या तमाशातील श्रेष्ठ सोंगाड्यांत त्यांची गणना होते. १९७३ साली तमाशासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. ('इंदुरीकर' म्हटले की आज अनेकांच्या डोळ्यांसमोर कीर्तनकार उभे राहतात. ते गाव निराळे, तालुकाही निराळा.)

ज्या वगाने त्यांचे नाव घरोघर पोहोचले तो 'गाढवाचं लग्न'. तो हरिभाऊ वडगावकरांनी लिहिला. दादू त्यात सावळ्या कुंभार होत आणि प्रभा शिवणेकर त्याची बायको गंगी. कथेचे बीज जुने आहे. इंद्राच्या शापाने गाढव झालेला गंधर्व आणि त्याचे राजकन्येशी लग्न, ही गोष्ट विक्रमादित्याच्या पित्याविषयीच्या दंतकथांतही आढळते. दंतकथेत महत्त्व गंधर्वाला आहे. वगात मात्र सारा प्रकाश कुंभारावर पडला. ज्याच्या घरी चुलीची पंचाईत, त्याने आपल्या गाढवासाठी थेट राजाच्या मुलीला मागणी घालायची! सत्तेपुढे उभ्या राहिलेल्या गरिबाची भीती, लबाडी आणि मधूनच उसळणारा उद्धटपणा या एका प्रसंगात मावतो. तमाशा ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जगवला, त्यांना राजदरबारासमोर उभे राहणे म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नव्हते.

ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील. ढोलकीफडाचा तमाशा म्हणजे एका रात्रीत अनेक खेळ. आरंभी गण, मग गवळण. त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि सर्वांना पुरून उरणारी मावशी. मावशीचे काम पुरुषाचे. त्यानंतर लावण्या, बतावणी आणि शेवटी वग. गाणे, नाच, नक्कल, विनोद, नाटक सारे एकाच कनातीत. वगाची कथा ठरलेली असे, पण संवादांचा मोठा भाग उभ्याउभ्या रचला जाई. सोंगाड्याचे खरे सामर्थ्य तिथेच दिसे. समोरच्या गावात पाटील कोण, विहिरीचा वाद कोणता, यंदा पाऊस कसा झाला, हे तो संध्याकाळीच काढून घेई आणि रात्री ते सावळ्याच्या किंवा हवालदाराच्या तोंडून बाहेर पडे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण येथून सुरू होते. वगाची संहिता छापता येते. प्रयोगापूर्वी ती सरकारी परिनिरीक्षणासाठी सादर करता येते. पण ज्या वाक्याला गाव हसले, ते वाक्य त्या संहितेत नसते. ते त्या रात्रीपुरतेच जन्मलेले असते. मग अशा कलेचे दप्तर कुठे शोधायचे? माझ्या मते पाहणाऱ्यांच्या आठवणीत, आणि मावळात हे दप्तर अजून पुरते मिटलेले नाही.

मावळचा प्रेक्षक कोण होता, हेही पाहण्यासारखे आहे. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, तर कोणी डबे पोहोचवायला. मुंबईचे डबेवाले आजही चैत्र-वैशाखात गावच्या यात्रेसाठी काही दिवस सुट्टी घेतात आणि त्या दिवसांत मुंबईतल्या कचेऱ्यांना डब्याविना राहावे लागते. ही माणसे लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा पाहत आणि गावी आली की यात्रेची वर्गणी देत. कोणत्या फडाला सुपारी द्यायची, या चर्चेत त्यांचा शब्द चाले. म्हणजे हा प्रेक्षक अडाणी होता, मिळेल ते पाहत होता, ही शहरी समजूत टिकत नाही. त्याने दोन-चार फड पाहिलेले असत. तो तुलना करत असे, आणि खेळ पडला तर तसे सांगतही असे.

यात्रेचा क्रमही ध्यानात घ्या. रात्री देवाचा छबिना, मग तमाशा, दुसऱ्या सकाळी तमासगिरांची हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरी म्हणजे उघड्यावरचा सकाळचा खेळ. रात्रीचा रंग ओसरलेला, डोळे तांबारलेले, तरी गावापुढे उभे राहायचे.

माझ्या आजोबांनी दादूंना पाहिले होते. मी त्यांना 'गाढवाचं लग्न'ची गोष्ट विचारली, तेव्हा ती त्यांना धड सांगता आली नाही. राजकन्येचे पुढे काय झाले ते ते विसरले होते. पण सावळ्या पहिल्यांदा आला तेव्हा काही न बोलता नुसता लोकांकडे पाहत उभा राहिला, इकडून हशा सुरू झाला आणि तो तिकडच्या टोकापर्यंत गेला, हे त्यांनी उठून, उभे राहून दाखवले. गाढवाने लग्नाचा मांडव कुठे मागितला, तर आमच्याच गावच्या चावडीपुढे! त्यांचे मित्र शेजारच्या गावचे. ते ठामपणे सांगत की मांडव त्यांच्या गावच्या पारावर होता. दोघांचा वाद अनेक वर्षे चालला.

कागदपत्रांच्या शिस्तीत वाढलेला विद्यार्थी म्हणेल की दोन साक्षी जुळत नाहीत, सबब दोन्ही कच्च्या. मला नेमके उलट वाटते. दोन्ही साक्षी खऱ्या असाव्यात, कारण सोंगाड्याने प्रत्येक गावात त्या गावचेच नाव घेतले असणार. ज्या विसंगतीमुळे आपण आठवण बाजूला सारतो, त्याच विसंगतीत प्रयोगाची रीत नोंदलेली आहे.

सर्वच आठवणी अशा उपयोगी पडत नाहीत. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा प्रसंग सर्वांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. हा प्रसंग इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्याच्या भाराखाली विठाबाईंचे गाणे, त्यांचा आवाज, वगातली त्यांची कामे झाकली गेली. त्यांच्या सोसण्याची नोंद ठेवताना आपण त्यांच्या कसबाची नोंद ठेवायला विसरलो. २००२ साली त्या गेल्या. त्यांचे नाव आता राज्य शासनाच्या तमाशासाठीच्या जीवनगौरव पुरस्काराला आहे.

आणखी एक उणीव. या आठवणी बहुतांशी पुरुषांच्या आहेत. गावच्या बायका रात्रीच्या तमाशाला क्वचितच बसत. माझ्या आजीने दादूंना ऐकले होते, पाहिले नव्हते. ढोलकी आणि हशा घरापर्यंत येई, शब्द येत नसत. सकाळी पाण्यावर गेल्यावर कोणाच्या तरी नवऱ्याने सांगितलेला विनोद, तोही निम्मा गाळून, तिच्यापर्यंत पोहोचे.

याच काळात शहरात लोकनाट्य बहरत होते. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ पासून गाजले. त्याने दादा कोंडके घडवले, आणि त्याची परीक्षणे, छायाचित्रे, मुलाखती उपलब्ध आहेत. मी ते नाटक कमी लेखत नाही. पण ज्या फडांच्या बळावर ते उभे राहिले, त्यांच्याविषयीची कागदपत्रे त्या मानाने फारच तुटपुंजी आहेत. २००७ साली मकरंद अनासपुरे यांचा 'गाढवाचं लग्न' हा चित्रपट आला. आज शोधायला गेलात तर सावळ्याचा चेहरा म्हणून तोच आधी समोर येतो.

दादूंना जाऊन आता पंचेचाळीस वर्षे उलटली. त्यांना जाणत्या वयात पाहिलेला माणूस आज साठीच्या पुढे असणार. तुमच्या घरी किंवा आळीत असे कोणी असेल तर 'तमाशा कसा होता' असे विचारू नका. 'लई भारी' एवढेच उत्तर मिळेल. कनात कुठे लागली होती, बत्ती कशाची होती, सुपारी कोणी ठरवली, तमासगिरांना उतरायला जागा कुठे दिली आणि पाणी कोणत्या विहिरीचे दिले, सोंगाड्याने गावातल्या कोणाची टोपी उडवली, हे विचारा. पाण्याचा प्रश्न मुद्दाम विचारा. आणि उत्तर देताना ते उठून उभे राहिले, तर फोनचा कॅमेरा तेवढा सुरू ठेवा.